पोळ्याचं जहाज

अन् मी म्हनते, जहाज कुठी, संग्रामपूर कुठी! नदी पाह्याले गेलं तं नदीत पानी नाही, अन् आमची समता म्हनते, 'आई, हलू नको, तू जहाज आहेस!' आता सांगा बाप्पा, हाताले कनिक, गॅसवर वरन उतू जाऊन राह्यलं, अन् मी जहाज! डाव्या खांद्यावर लाल फडकं, उजव्यावर हिरवं, पाठीवर पांढरा टॉवेल खोचलेला... तशीच मी अंगनात गेली तं शेजारची अमीरबी भिंतीवरून, 'क्यों बाई, ये झंडियाँ लगाके किधर चले?' मी म्हनलं, 'समुद्रात चालली माय, येतं काय?'

हसता कायले? पोरीले जहाजावर नोकरी लागाची होती हो! जहाजाले म्हने रात्री लाइट लागते, डाव्या अंगाले लाल, उजव्या अंगाले हिरवा, मागं पांढरा. ते दिसले का दुसऱ्या जहाजाले समजते कोन कुठी चाललं, नाही तं धडाधड आदळतीन! मुंबईले मोठ्या साहेबानं तोंडी इचारलं, 'जहाज समोरून तुझ्याकडे येतंय, त्याचा लाल दिवा तुला कोणत्या हाताला दिसेल?' पोरगी घाईत बोलली, 'डाव्या!' झालं! नापास! समोरून येनाऱ्याचं डावं आपल्या उजवीकडं असते ना बाई! घरी येऊन उशीत तोंड खुपसून अशी रडली का मले वाटलं, जळो ते जहाज! कुठी जहाज, कुठी संग्रामपूर! पन पोरीचं तोंड पाह्यवत नोहतं. अजून एक डाव बोलावनं होतं, त्यातबी चुकली का गेली नोकरी.

अन् आमचे मालक, उत्तमराव... यायले तोंडातून शब्द काढाचं जिवावर येते. पोरगी रडून राह्यली तं हे उठून बैलाले कडबा टाकाले गेले! मी म्हनलं, 'अहो, पोरीशी बोला काहीतरी!' 'हूं.' बस, हूं!

मंग आला पोळा. दरसाल शिंगाले एकच रंग लावते, अवंदा दोन डबे आनले, अन् दोन्ही बैलाचं एक शिंग लाल, एक हिरवं! 'तिले म्हना पाह्य आता,' म्हनते, 'डाव्या अंगाले लाल, उजव्या अंगाले हिरवा.' येवढं लांब वाक्य मी लग्नापासून पह्यल्यांदा ऐकलं! पन शिंग रंगवाले मानूस कुठी बसते? बैलाच्या समोर! हे बसले समोर, अन् आपला डावा हात तेच बैलाचं डावं समजले... सारं उलटं!

तोरनाखाली साऱ्या गावचे बैल उभे, अन् समता किंचाळली, 'बाबा, उलटं झालं! हे बैल आता मागं मागं चालले तरच बरोबर होतीन!' तिनं गंमतीनं म्हनलं हो! पन हा मानूस बैलाच्या छातीले हात लावून, 'सर मागं! मागं सर बे!' बैल काय ऐकते? मागच्या जोडीवाला कडूबा बोंबलते, 'उत्तमराव, बैलाले पाजली का तुमी घेतली?' पोळ्याची गानी, झडत्या म्हननारे गप, ढोल गप, सारं गाव पोट धरून हसून राह्यलं, अन् हे घामाघूम, पन ढकलनं सोडत नाही! 'हसू दे लोकायले,' म्हनते, 'पोरीच्या ध्यानात बसलं पायजे.' मले लाजबी आली अन् डोळ्यात पानीबी आलं, खोटं काऊन बोलू? समता हसता हसता रडाले लागली, अन् पदर... पदर कुठचा, ओढनी खोचून तीबी बापाच्या बाजूनं बैल ढकलू लागली. सरकला बरं का थोडासा!

मंग गेली मुंबईले. साहेबानं तोच सवाल टाकला, अन् हिले फुटलं हसू! 'मॅडम, हसायला काय झालं?' 'सर, आमचा बैल आठवला. बैलाच्या उलट! लाल माझ्या उजव्या हाताला, सर!' पास!

गेली आता जहाजावर. फोन कधी लागते, कधी नाही. जाता जाता बापाले सांगून गेली, 'बाबा, नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाले वर पांढरा लाइट असते, चहूकडून दिसनारा.' झालं! तिची बस गेली अन् यायनं ओट्यावर बांबू ठोकला, शेंड्याले बल्ब! दिवस मावळला का पेटते. मी म्हनलं, 'अहो, जहाज कुठी, संग्रामपूर कुठी! तिकून हा बल्ब दिसनार हाय काय?' तं म्हनते, 'नाही दिसत. पन घर जाग्यावर आहे, हे तिले मालूम पायजे.'

मी बल्ब बंद कराले जाते, बटनावर हात ठेवते, अन् तशीच परत येते. पोरगी येईन तवा येईन... तोवर साऱ्या संग्रामपूरचे किडे आमच्या ओट्यावर मुक्कामाले येऊन राह्यले, अन् सकाळी उठून झाडू मीच मारून राह्यली!