तुटक बाण

ताई : त्या गादीला टेकू नकोस. पलीकडे तुझे भाऊजी आहेत.

धाकटा : पलीकडे म्हणजे?

भाऊजी : (बंद दारामागून) म्हणजे बेडरूममध्ये. बाहेरून गाद्या रचल्यात, दार उघडत नाही. सकाळी मोजे शोधायला आत आलो, तो इथेच.

ताई : एक मागवली होती रे. घरात आता चालायला वाट नाही.

धाकटा : त्या दुकानात आजच आमचं सॉफ्टवेअर सुरू झालं. मीच तुझी ऑर्डर पहिली टाकली. म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक घरचं असावं.

भाऊजी : घरचा अहेर म्हणतात तो हाच.

ताई : गोदामातले मामा बिचारे स्वतः घेऊन यायचे. दर खेपेला तेच, "ताई, मशीन म्हणतंय पाठव, मी काय करू?" मग चहाच ठेवला त्यांना. मघाशी मात्र दुसराच कोणी आला. मामा दमले का?

धाकटा : मामांना घरी पाठवलं.

ताई : आराम करायला?

धाकटा : कायमचं. दुकानाचे शेठ म्हणाले, गोदामाचाच घोळ आहे.

ताई : आणि आहे कुणाचा?

धाकटा : तो खोका दे इकडे, काढून दाखवतो. हा चौकोन दुकान, हा गोदाम. खाली एकेक उभी रेघ. वेळ वरून खाली जातो. दुकान म्हणतं, "गादी पाठव." हा सरळ बाण. गोदामाकडून उलट उत्तर यायला हवं, "पाठवली." तो तुटक रेघेचा बाण. याला सीक्वेन्स डायग्राम म्हणतात.

भाऊजी : मला काही दिसत नाहीये, पण कळतंय.

धाकटा : तो तुटक बाण मी काढलाच नाही. त्यामुळे "पाठवली" म्हणायची सोयच कुणी केली नाही. उत्तर येत नाही म्हणून दुकान पुन्हा सांगतं, "गादी पाठव."

ताई : का नाही काढलास?

धाकटा : रेघा एकमेकींवर येत होत्या. त्याच्याशिवाय चित्र फार सुबक दिसत होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी वाहवा केली.

भाऊजी : सुबक चित्रापायी मी मोज्यांच्या खणाशेजारी संसार थाटलाय.

ताई : तुम्ही जरा गप्प बसा हो. शेठनी चूक कुणाची विचारलं, तेव्हा तू कुठे होतास?

धाकटा : समोरच. मामाही होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही. पुढच्या महिन्यात माझी बढती आहे, ताई.

ताई : पेन दे. हा चौकोन शेठ. हा तू. खाली रेघा. शेठकडून तुझ्याकडे सरळ बाण, "चूक कुणाची?" बरोबर?

धाकटा : हं.

ताई : आता तुझ्याकडून उलट कुठला काढू?

भाऊजी : काय काढलं? सांगा तरी कोणी.

ताई : काही नाही. चित्र सुबक आलंय.

धाकटा : ताई, बेल वाजतेय.

ताई : गादी असेल. थांबेल ती दारात. मामा किती वेळ थांबतील?

धाकटा : हॅलो, शेठ? मी बोलतोय, सॉफ्टवेअरवाला. नाही, नवीन काही बिघडलं नाही. सकाळी तुम्ही एक विचारलं होतंत, त्याचं उत्तर माझ्याकडून यायचं राहिलंय.