विचारून सांगतो

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे तीन सत्कारमूर्ती, या सभागृहाचा सगळा कर्मचारीवर्ग, आणि पंखा कुठे लागतो ते बघून जागा धरलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सभागृहाला पंचवीस वर्षं झाली म्हणून इथे वर्षानुवर्षं राबणाऱ्या तिघांचा सत्कार होतो आहे, आणि ज्यांच्या घरचं लग्न त्यांनी पार पाडलं अशा एकाने त्यांच्याबद्दल बोलावं, असं ठरलं. तो मान मला का मिळाला, हे मला अजून कळलेलं नाही. मी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. जमिनीखालून कुठली नळी कुठे वळते ते कागदावर दाखवायचं, एवढंच काम. नळ्यांपुढे भाषण करावं लागत नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्या पत्नीकडे होतं.

मघाशी फुलवाल्या मावशींना पुष्पगुच्छ दिला, तेव्हा त्यांनी काय केलं ते तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं? त्यांनी हसून तो घेतला, अध्यक्षांना नमस्कार केला, आणि बसता बसता हळूच उलटा करून देठ पाहिले. कालची फुलं आहेत ना, मावशी? असू द्या. त्या मान हलवतायत. तर अशा माणसांचं कौतुक करायला मी उभा आहे.

पण कौतुकाआधी एक कबुली. या तिघांना मला एक वाक्य सांगायचं आहे. जवळजवळ दोन वर्षं ते माझ्याकडे पडून आहे. ते सांगितलं की मी खाली बसेन. थोडं मागून सुरुवात करतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

आमच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न याच सभागृहात झालं. सगळं ठरवलं ते माझ्या पत्नीने. मी पिशवी धरून मागे उभा. मावशींच्या दुकानात तिने पहिलंच वाक्य टाकलं, "वास नसलेलं फूल मला दाखवूच नका." मावशी म्हणाल्या, "ताई, लांबून कुणाला वास येतोय? लांबून रंगच दिसतो." ही म्हणाली, "मी लांब नसणार आहे." इथल्या आचारीबुवांना तिने बजावलं, "मीठ बेताचं. वरून घेता येतं, काढता येत नाही." आणि खुर्चीवाले दादा इथे बसलेत, त्यांच्या गोदामात ती एकेका खुर्चीवर बसून, टेकून बघत होती. सहा झाल्या, सात झाल्या. शेवटी दादा म्हणाले, "ताई, लग्नाला येणार आहात की झोपायला?"

"माझ्या मुलीचं लग्न आहे. सगळ्यात शेवटी उठणारी मी. मला पाठ सरळ ठेवणारी खुर्ची पाहिजे."

"आणि साहेबांना?"

"त्यांना स्टूल दिलंत तरी चालेल. ते तक्रार करत नाहीत."

हे सगळं ठरलं, आणि तीन आठवड्यांनी तिला बरं वाटेनासं झालं. आठ दिवस दवाखान्यात होती. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. लग्नाला पाच महिने होते.

मुलगी म्हणाली, बाबा, पुढे ढकलूया. मी म्हटलं, तारीख आईने धरली आहे, ती हलवायची नाही. त्या दिवसांत मी ठामपणे बोललेलं तेवढं एकच वाक्य असेल. नातेवाईक आले, बसले, गेले. ज्यांना कळवायचं त्यांना मुलीने कळवलं. फूल, जेवण, खुर्च्या हे कुणाच्याच यादीत नव्हते. तेराव्या-चौदाव्या दिवशी फोन वाजला. फुलवाल्या मावशी. मागे बाजाराचा गलका.

"भाऊ, ताईंना द्या जरा."

मी म्हटलं, "ती गेली, मावशी."

हे मी म्हटलं. स्पष्ट म्हटलं. त्याआधी हे वाक्य मी कुणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. आणि पलीकडून मावशी म्हणाल्या, "गेल्या? बरं बरं. आल्या की विचारून सांगा, दारावर पिवळी हवीत की पांढरी. माल सांगून ठेवायचाय."

आपल्या भाषेत माणूस बाजारात गेला तरी गेला, आणि गेला तरी गेलाच. यात मावशींची काही चूक नाही. ती दुरुस्त करायला फार तर चार शब्द लागले असते. ते माझ्या तोंडून आले नाहीत. मी म्हटलं, "हो. विचारून सांगतो."

फोन ठेवला आणि काय करावं ते कळेना. सांगतो म्हटलं होतं, सांगायला तर हवं. मी आतल्या खोलीत गेलो, तिचं कपाट उघडलं आणि उभा राहिलो. पांढरं त्यात काहीच नव्हतं. फिक्या पिवळ्या रंगाचे मात्र चार कपडे. मी परत फोन केला. म्हटलं, पिवळी. मावशी म्हणाल्या, "मला वाटलंच, ताई पिवळीच म्हणणार."

त्या एका वाक्यावर माझा तो दिवस गेला. बराही गेला.

त्यानंतर दर चार-सहा दिवसांनी कुणाचा तरी फोन. आधी मावशींचे, मग आचारीबुवांचे, मग दादांचेही. सगळ्यांचं पालुपद एकच, ताईंना विचारून सांगा. मी एकालाही खरं सांगितलं नाही. दर वेळी वाटायचं, आज सांगू. आणि दर वेळी वाटायचं, हा एक प्रश्न होऊ दे, मग सांगू. नंतर नंतर तर एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि खोटं कशाला बोलू, ती मला हवीहवीशी वाटू लागली. घरी येणारी माणसं तिच्याबद्दल बोलताना "म्हणायच्या" म्हणत. ताई असं म्हणायच्या, ताई तसं म्हणायच्या. हे तिघे विचारत, "ताई काय म्हणतात?"

एकदा दादांनी विचारलं, मागच्या रांगांना कुठल्या खुर्च्या लावू. मला खुर्च्यांतलं काय कळतं? मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, मनात वीस आकडे मोजले आणि म्हटलं, "ती म्हणते, कुठल्याही चालतील."

दादा म्हणाले, "ताई 'कुठल्याही' म्हणाल्या? शक्य नाही. तुम्ही नीट विचारलं नसेल. पुन्हा विचारा."

मी खरोखर उठलो. आत गेलो. या वेळी मोठ्याने विचारलं, रिकाम्या खोलीत. "अगं, मागे कुठल्या लावायच्या?" आणि मला एकदम सुचलं. मागे म्हातारी माणसं बसतात, त्यांना हात टेकून उठायला हातांच्या खुर्च्या लागतात. हे मला कधी सुचलं नसतं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला जेवढे प्रश्न विचारले नाहीत, तेवढे त्या पाच महिन्यांत विचारले. आणि तिने एकही टाळला नाही.

असं करता करता लग्नाचा दिवस आला. आता ही तिघं तिला शोधणार, आणि आता काही सुटका नाही. मी सकाळी सहालाच इथे आलो. वाक्य पाठ केलं होतं. सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "बुवा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे." बुवांनी पळी पुढे केली. "आधी चव घ्या. मीठ बेताचं आहे ना? नाहीतर मला बोलणी बसतील." मी चव घेतली. बेताचं होतं. तोवर ते दुसऱ्या चुलीकडे वळले होते. दाराशी मावशी शिडीवर. "मावशी, जरा खाली येता? एक सांगायचं होतं." तर वरून, "भाऊ, बाजूला व्हा, डोक्यावर पाय पडेल. काय ते मागनं." दादांच्या हातात सहा खुर्च्या होत्या. हात भरलेल्या माणसाला असलं काही सांगता येत नाही.

पाहुणे येऊ लागले. पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती आणि शेजारी एक सरळ पाठीची, लाकडी, बाकी कुठल्याच खुर्चीशी न जुळणारी. मी ती ओळखली. गोदामातली, सातवी. तिच्यावर हार नव्हता, फोटो नव्हता, काही नव्हतं. बसायला तयार अशी नुसती खुर्ची. मुलाकडच्या एक काकू जागा शोधत आल्या आणि तिच्यावर बसणार, तोच दादा पुढे झाले.

"काकू, इथे नको. इथे मुलीच्या आई बसतात."

"कुठे आहेत त्या?"

दादा म्हणाले, "गेल्यात."

"मग काय झालं? आल्या की उठते मी."

"नको, काकू. तुम्हाला दुसरी देतो. चांगली, गादीची."

आणि काकूंना घेऊन जाताना दादांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, दार लावताना आत कुणी नाही ना म्हणून बघावं तेवढंच. तेवढ्यात मला कळलं. यांना माहीत आहे. तिघांनाही माहीत आहे.

केव्हापासून, ते नंतर समजलं. त्या पहिल्या फोननंतर चार दिवसांनी मावशी फुलांचे नमुने घेऊन घरी आल्या होत्या. मी नव्हतो. शेजारणीने दारातच सांगितलं. संध्याकाळी मला कडीला अडकवलेली पिवळ्या फुलांची पिशवी मिळाली. मला वाटलं, नमुना. मावशींनी बाकी दोघांना सांगितलं, आणि तिघांचं ठरलं की साहेबांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील, आपण होऊन विचारायचं नाही. म्हणजे दादांनी मला "पुन्हा विचारा" म्हणून आत पाठवलं, तेव्हा आत कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं.

लग्न आटोपल्यावर मी बुवांना एवढंच विचारलं, "माहीत होतं तर मला आत कशाला पाठवत होता?"

बुवा भांडी मोजून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणायचे, काहीही चालेल. ताईंना विचारून आलात की बरोबर सांगायचे. आम्हाला काम नीट करायचं होतं."

आता तुम्हीच सांगा, याला सेवा म्हणायचं की आणखी काही? मला शब्द येत नाही. आला असता तर वापरला असता.

त्या दिवशी मी सगळ्यात शेवटी उठलो. शेजारची खुर्चीही तोवर कुणी हलवली नव्हती.

आणि मग फोन बंद झाले. साहजिक आहे, काम झालं होतं. मुलगी तिच्या घरी सुखात आहे. दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. एरवी येतात ते फोन मला असतात, किंवा चुकून लागलेले. "ताईंना द्या" असं कुणी म्हणत नाही. मी पुष्कळदा फोनपाशी बसून असतो. कधी कधी स्वतःच आत जातो आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारतो, पण बाहेर कुणी उत्तराची वाट बघत नसलं की आतूनही उत्तर येत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं.

या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला मावशींनीच फोन केला. बोलाल का, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "विचारून सांगतो." पलीकडे मावशींनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला बसायला सांगितलेलं ऐकू आलं. मग मावशी म्हणाल्या, "विचारा. मी थांबते."

मी जाऊन आलो. मावशींनी विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "जा म्हणते. आणि कमी बोला, हे तुम्हाला सांगायला नको, म्हणते."

तर आता ते वाक्य. मावशी, बुवा, दादा. तुमच्या ताई गेल्या. सोमवारी सकाळी, सव्वाआठला, दवाखान्यात. मी शेजारी होतो. तुम्हाला हे माहीत आहे. पण सांगायचं काम माझं होतं आणि ते राहिलं होतं. तुम्ही तिला पाच महिने जास्त ठेवलंत, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे.

अध्यक्षसाहेबांचे आणि व्यवस्थापनाचे आभार. सूत्रसंचालकांनी पाच मिनिटं दिली होती, ती केव्हाच संपली, तरी त्यांनी चिठ्ठी पाठवली नाही, त्यांचेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर सांभाळून घ्या. हे खातं माझं नव्हे.

आणि तुम्हा तिघांना एक विनंती. तुमचे लग्नाचे दिवस संपले, हात रिकामे झाले, की कधीतरी फोन करा. काम नसलं तरी चालेल. कुठल्या तरी परक्या लग्नातलं विचारा, पिवळी की पांढरी, मीठ किती, मागे कुठल्या खुर्च्या. म्हणा, ताईंना विचारून सांगा.

मी विचारून सांगेन.

नमस्कार.