राजवर्धन सरांच्या निरोपाला घरमालकिणीचे दोन शब्द

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आप्पासाहेब, प्रमुख पाहुण्या विजयमालाताई, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते कॉलेजातून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती प्राध्यापक राजवर्धन सर, आणि समोर बसलेले बारामती-इंदापूरचे माझे बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

मी सितारा. भिगवणला अंगणवाडी सेविका होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. सूत्रसंचालक दिग्विजय यांनी माझी ओळख 'सरांच्या घरमालकीणबाई' अशी करून दिली, ती खरी आहे. इथं बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला आतल्या बाजूला तीन खोल्यांचं घर आहे, ते माझं. त्यात सर नऊ वर्षं राहतात. मी भिगवणला भावाच्या घरी मधल्या खोलीत राहते. आता भाच्याचं लग्न ठरलंय, ती खोली त्याला लागणार. भावजय अजून तोंडानं काही म्हणत नाही, पण माझी ट्रंक तिनं दोनदा हलवली.

माझ्या आधी चौघं बोलले. सर शब्दाचे पक्के, सरांचं वागणं आरशासारखं, सगळं ऐकलं. एक जण तर म्हणाले, सरांनी आयुष्यभर दिलंच, घेतलं काही नाही. मी खाली बसून मनात म्हटलं, माझं घर तेवढं विसरलात.

समोर बरीच मंडळी सरांच्या घर-मालमत्तेच्या मार्गदर्शन वर्गाला येणारी दिसतात. कोऱ्हाळ्याच्या, शेळगावच्या काहींनी बारामतीत फ्लॅट घेतलेत आणि आता ते भाड्यानं द्यायचेत. तुम्हाला प्रश्न पडत असेल, भाडेकरू पारखायचा कसा? मी पारखला होता की. प्राध्यापक माणूस, इस्त्रीचे कपडे, बोलणं असं की ऐकत राहावं. पोलीस पडताळणीचा विषय काढला तर सर हसले, 'वहिनी, मी काय चोर आहे का?' मलाच लाज वाटली. तुम्ही अशी लाज वाटून घेऊ नका. ज्याला ह्या प्रश्नाचा राग येतो, त्याला घर देऊच नका.

कराराचंही तसंच झालं. 'नोंदणीचा खर्च कशाला, अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे, स्टॅम्प पेपरवर लिहू, आपण घरच्यासारखे.' अकरा महिने झाले. मग सरांच्या मुलीची दहावी आली, मग बारावी, मग तिचं लग्न, मग बाळंतपण. दर वेळी मी विचारायचे, 'सर, घर कवा मोकळं करताय?' सर म्हणायचे, 'वहिनी, चहा घ्या.' चहा चांगला असतो त्यांच्याकडं, त्याला नाव ठेवत नाही मी. भाडंही पहिल्या तारखेला बँकेत भरतात, जुन्याच दरानं.

मागच्या दिवाळीनंतर ह्याच सभागृहात सरांचं व्याख्यान होतं, नवख्या घरमालकांनी घ्यायची काळजी. मी शेवटच्या रांगेत बसले होते. सरांनी समजावून सांगितलं की करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते, आणि नोंदवला नाही तर भाडेकरू सांगेल त्या अटी कोर्ट आधी खऱ्या धरतं. मग म्हणाले, 'माझ्या ओळखीच्या एका भोळ्या बाईनं स्टॅम्प पेपरवर भागवलं. आता बसलीय चहा पीत.' सगळं सभागृह हसलं. तुमच्यातलेही काही हसले असतील, मी दोष देत नाही. शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसून विचारलं, 'कोन असंल गं ही येडी?' मी म्हटलं, 'असंल कुनीतरी.'

त्याच दिवशी कळलं की सरांचे स्वतःचे इंदापुरात दोन फ्लॅट आहेत, दोन्हींचे करार नोंदवलेले. अकरा महिने भरले की भाडेकरू बाहेर. हेही त्यांनीच अभिमानानं सांगितलं.

तरीही मी गप्प बसले असते. पण गेल्या महिन्यात घराकडं गेले, तर पुढच्या खिडकीचं ग्रिल काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. माझे मिस्टर इब्राहिम फॅब्रिकेशनची कामं करायचे. लोकांचे गेट करून उरलेल्या सळया साठवून त्यांनी ते ग्रिल बनवलं होतं, मला आवडतो म्हणून त्यात द्राक्षाचा वेल काढला होता. ते गेल्यावर त्या घरात त्यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. सरांना तिथं शटर बसवायचंय. वर बोर्ड तयार आहे, 'मालमत्ता मार्गदर्शन केंद्र'. उद्घाटन पुढच्या रविवारी. आप्पासाहेब, तुमच्याच हस्ते आहे, पत्रिका आली असेल. घर कुणाचं, ते पत्रिकेत नाही. ग्रिल भंगारात जाणार होतं, मी ते रिक्षात घालून भिगवणला नेलं. मला राग आला. आजही आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

मग मला इथं बोलावलं कुणी? सरांनीच. केंद्रासाठी संस्थेनं घरमालकाची संमती मागितली, तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा सर भिगवणला आले. माझा भाऊ इरफान मासे विकतो, त्याच्या दुकानात नाकाला रुमाल लावून उभे राहिले. म्हणाले, 'वहिनी, निरोपाला चार चांगले शब्द बोला, सगळ्यांसमोर संमती द्या, मग घराचं बघू.' ते गेल्यावर इरफान म्हणाला, 'आपा, जाऊ नगंस. त्यो गोड बोलून तुझ्याकडनंच काढून घील.' मी म्हटलं, 'जाणार हाय. आजपतूर मला माईक कुनी दिला न्हवता.'

तर सगळ्यांसमोर सांगते. माझी संमती नाही. केंद्राला नाही, शटरला नाही, आणि सरांच्या राहण्याला तर नाहीच. वकील केलाय, दावाही लावणार आहे. ती वाट किती लांबची आहे, हे सरांच्याच व्याख्यानात ऐकलं, म्हणून आधी इथं आले. सर, तुम्हाला कोर्टाची भीती नाही, मला ठाऊक आहे. ह्या समोरच्या लोकांची आहे.

सत्कारमूर्तींनी सत्काराला उत्तर द्यायची आपल्याकडं पद्धत आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाखाली तेच छापलंय. सर, उत्तरात माझे आभार मानू नका. घर कोणत्या तारखेला मोकळं करता, तेवढं सांगा. तुमी तारीख सांगितल्याबिगर मी हितनं खाली उतरणार न्हाय.

बोलायला वेळ दिलात, संस्थेची मी ऋणी आहे, आणि सरांची जास्त, कारण माझं नाव त्यांनीच घातलं. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. सरांना लागलं असेल तर त्याची माफी मागत नाही, त्यासाठीच आले होते.

दिग्विजय, माईक सरांकडं द्या.