दृष्ट काढलेलं सोनं

तुम्ही कधी लाल सोनं बघितलंय का? मी बघितलंय, आमच्या तेर गावच्या घरी, काचेच्या पेल्यात.

माझी भाची रूपाली एम.एस्सी. करते. धाराशिवच्या कॉलेजात जायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडं मुक्कामाला आली. तिच्या पर्समध्ये जास्वंदीच्या रंगाच्या पाण्याची बाटली होती.

"मावशी, यात सोन्याचे अतिशय बारीक कण आहेत. उद्या मशीनवर तपासायचेत." आम्हाला दाखवायला तिनं निम्मं पाणी पेल्यात ओतलं.

सासूबाई म्हणाल्या, "सोनं आन् लाल? लई नवलाचं हाय. कुणाची नजर लागंल, पोरी." आणि त्यांनी मुठीत मीठ-मिरच्या घेऊन पेल्यावरून ओवाळल्यासुद्धा. मुठीतलं मीठ पेल्यात सांडलं, आणि बघता बघता लाल पाणी निळं झालं.

"आजी, अहो काय केलंत! आता सरांना काय दाखवू?" रूपाली रडायलाच लागली.

"बघ, नजर लागलीच व्हती," सासूबाई म्हणाल्या.

मला मात्र राहवेना. "अगं, सोनं तेच ना? मग रंग कसा बदलला?"

"मिठानं कण एकमेकांना चिकटले, मावशी. शिऱ्यात गुठळ्या होतात ना, तसे. कण मोठे झाले की रंग..." बोलता बोलता ती थांबली. "अगं, कण लहान-मोठे झाले की मशीनवर काय बदलतं, तेच तर मला बघायचंय! लहान कण बाटलीत आहेतच." तिनं डोळे पुसले आणि निळं पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दोन्ही बाटल्यांची दृष्ट काढली, नुसत्या मिरच्यांनी.