वीस माणसांची जीप

अपेक्षा : अडीच हजार किलो गुणिले चार. दहा हजार न्यूटन आले, आबा. एवढा जोर माणसाच्या अंगात नसते.

आबा : तुह्या वर्गातल्या माणसाईच्या नसन.

अपेक्षा : उद्या मले फळ्यावर आपल्या घरचं उदाहरण सोडवाचं आहे. तुमचं म्हणणं, साखरखेर्ड्याच्या बाजारात वीस माणसं भरलेली जीप उतारावरून सुटली अन् खाली सपाटीवर तुम्ही ती एका हातानं, एका सेकंदात थांबवली. वर्ग हासन मले. त्यापेक्षा पुस्तकातला लाकडी ठोकळा घेते.

आबा : म्हणजे माह्या जीपीपेक्षा ठोकळा भारी? थांब, कमी-जास्त करू. पाच हजार लाव.

अपेक्षा : हे वांगे नाहीत, आबा. जोर कमी पाहिजे तं वस्तुमान कमी करा. नाहीतर वेग कमी करा, थांबाले वेळ द्या.

आबा : बरं. टपावरचे उतरव.

अपेक्षा : उतरवले. अजून लय येते.

आबा : मांगं लटकलेलेही उतरव. तसे ते फुकटेच होते. अन् ड्रायव्हर तं चहाले उतरलाच होता, म्हणून तं सुटली.

अपेक्षा : वेग? मी सेकंदाले चार मीटर धरला होता.

आबा : वाऱ्यासारखा... असं पाहू नको बे. माणूस भरभर चालते, तेवढा लिही.

अपेक्षा : सेकंदाले दोन मीटर. आता जीपीत कोण राह्यलं?

आबा : तुही आजी. तवा आमचं लग्न व्हायचं होतं.

अपेक्षा : तिलेही उतरवू?

आबा : तिले नाही. बाकीचे मी आजवर उगीच बसवले होते. ती खरीच बसली होती.

अपेक्षा : मंग वेळ सांगा. एक सेकंद नाही चालत.

आजी : (स्वयंपाकघरातून) दहा लिही.

अपेक्षा : दोन भागिले दहा, शून्य पूर्णांक दोन. जीप अन् आजी मिळून पंधराशे किलो धरू... तीनशे न्यूटन. जमलं, आबा! एवढा जोर माणूस लावू शकते.

आबा : पाह्यलं? अन् तोही एका हातानं.

आजी : दोन्ही हातानं. बॉनेटले छाती लावून मांगं मांगं घसरत होते. एक चप्पल तिथंच तुटली.

अपेक्षा : पण आजी, दहाच सेकंद काऊन?

आजी : तेवढ्या वेळात काचेतून मी ह्यायले नीट पाहून घेतलं.