भावोजी उठून उभे राहिले

होडीत उभं राहू नये हे मला कुणी शिकवायला नको होतं, जन्म जयगडात गेलाय माझा. तरी चूक माझीच.

एक मेची सकाळ. ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे भावोजी, साताऱ्याहून आले होते. निवृत्त मास्तर. उन्हाआधी खाडीत फिरून येऊ म्हणून होडीत बसलो. फळी टोचते म्हणून त्यांनी लाइफ जॅकेट बुडाखाली घेतलं.

होडीवाला म्हणाला, "गुरुजी, ते अंगात घालायचं हाय."

मी म्हटलं, "राहू दे रे, पाहुणे आहेत."

तेवढ्यात काठावरच्या शाळेत राष्ट्रगीत लागलं. भावोजी ताडकन उठून सावधानमध्ये उभे.

"गुरुजी, बसा, होडी कलंडेल."

आणि मी शहाणा म्हणतो, "बावन्न सेकंद तर आहेत." वर स्वतःही उठलो.

होडी कलली. भावोजी होडीच्या काठावर आपटून पाण्यात गेले. होडीवाल्याने उडी मारली म्हणून हाती लागले. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच, आता कुणी धरल्याशिवाय उठता येत नाही.

यंदा एक मेला ताईकडे होतो. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं, मी उभा राहिलो. भावोजी खुर्चीतच, मान तेवढी ताठ. संपल्यावर हळूच म्हणाले,

"तेव्हा तू बसा म्हणाला असतास, तर आज उभा राहिलो असतो."