दोनशे चौदावं पान

केरबा : ठाऊक असतं तर पुस्तक आनलंच नसतं की, मास्तर! दर पंधरा दिसाला आनतो, तुमी शिक्का मारता, मी पुन्ना नेतो. आज त्यावर हात ठिवून का बसलाय?

अंबादास : कारण ते आता बाहेर द्यायचं नाही, केरबा. समितीचा ठराव झालाय. उद्यापासून ते काचेच्या कपाटात जाणार.

केरबा : काय गुन्हा केला त्येनं?

अंबादास : गुन्हा नाही, मान मिळालाय. आपल्या ग्रंथालयाला पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त आजवरची सर्वश्रेष्ठ कादंबरी निवडायची होती. ती ही निघाली.

केरबा : हे? सुताची शिवण सुटलेलं?

अंबादास : हेच. आणि चूक माझीच आहे. गेल्या पावसाळ्यात हे रद्दीच्या यादीत होतं. मला तुमची आठवण झाली. मी समितीला रजिस्टर दाखवलं. म्हटलं, जे पुस्तक दीडशेच्या वर वेळा बाहेर गेलं, ते रद्दीत कसं काढता?

केरबा : ब्येस केलंसा.

अंबादास : कसलं ब्येस! तो आकडा त्यांच्या डोक्यात राहिला. श्रेष्ठ कोणती यावर तीन सभा झाल्या. पाच जणांच्या पाच कादंबऱ्या. एका वकिलानं एका प्राध्यापकाच्या धोतरावर चहा सांडला. शेवटी कार्यवाह म्हणाले, भांडण पुरे, वाचकांचा कौल घ्या. कुठली कादंबरी जास्त वेळा गेली ते बघा.

केरबा : मग?

अंबादास : मग काय? आजवर ही एकशे एकाहत्तर वेळा गेली, त्यातल्या एकशे त्रेसष्ट वेळा ती तुम्हीच नेलीय.

केरबा : म्हंजे कौल माझा?

अंबादास : तुमचा एकट्याचा.

केरबा : आवं, पर म्या दुसरं कुटलं वाचलंच न्हाय!

(कार्यवाह त्र्यंबकराव हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन येतात.)

त्र्यंबकराव : अंबादास, पुस्तक परत आलं का? हां, हेच ना. किती मळलंय हो! गुळाचा वास येतोय.

अंबादास : हे केरबा, त्र्यंबकराव. गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. सहा वर्षांहून जास्त झाली, हे पुस्तक त्यांच्याकडेच असतं. त्या एकशे एकाहत्तरमधल्या एकशे त्रेसष्ट वेळा म्हणजे...

त्र्यंबकराव : हळू बोला! म्हणजे एकच सभासद? आणि हे तुम्ही मला आज सांगताय?

अंबादास : तुम्ही आकडा विचारलात, नावं विचारली नाहीत. ठरावानंतर मी दोनदा घरी आलो, तुम्ही मांडवाच्या गडबडीत होता.

त्र्यंबकराव : हे बघा, पत्रिका छापल्या. सांगलीचे पाहुणे यायला निघाले असतील. आता हे बाहेर पडलं तर माझं गावात हसं होईल. पुन्हा सभा घेऊ? पुन्हा चहा सांडू? माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही.

केरबा : सायेब, मला तुमचा मान मोडायचा न्हाय. ठिवा की कपाटात. फकस्त माजं वाचून झाल्यावर ठिवा. सव्वीस पानं ऱ्हायल्यात.

त्र्यंबकराव : सव्वीस? मग इथं बाकावर बसा आणि आजच उरका.

अंबादास : त्यांचं वाचन दिवसाला तीन ओळी आहे.

केरबा : हंगामात दोनच. दिवसभर उकळत्या रसाच्या काहिलीम्होरं उभा ऱ्हायलो की सांजंला डोळं चुरचुरत्यात.

त्र्यंबकराव : सहा वर्षं एकच कादंबरी! मग तुम्हीच मला सांगा, हिच्यात असं काय आहे? उद्या भाषण माझं आहे. खरं सांगायचं तर समितीत कुणीच ही वाचलेली नाही.

केरबा : कुसा म्हनून पोरगी हाय. नदीपल्याड दिलीया. सासरी लई हाल. आता तिनं बापाला निरोप धाडलाय. बाप होडीत बसलाय आन् पानी चढाय लागलंय. हितं दोनशे तेरावं पान सपलं.

त्र्यंबकराव : शेवट?

केरबा : तिथवर मी पोचलोच न्हाय की!

अंबादास : त्र्यंबकराव, आठ महिन्यांची मुदत द्या त्यांना. उद्घाटनाला दुसरं एखादं असंच निळ्या पुठ्ठ्याचं ठेवू. काचेआड कोण बघतंय?

त्र्यंबकराव : पाहुणे हातात घेऊन बघणार आहेत. दुसरी प्रत नाही का कुठं?

अंबादास : पुण्याला पत्र टाकलं होतं. प्रकाशकच राहिला नाही. केरबा, मी ती सव्वीस पानं वहीत उतरून देऊ? रात्रभर बसतो.

केरबा : हातचं अक्षर मला लागत न्हाय, मास्तर. छापलेलं तेवढं वळखतो. पोस्टकार्ड आलं की अजून बी दुसऱ्याच्या दारात जातो.

अंबादास : मग मी वाचून दाखवतो. आत्ता. दीड तासात होईल.

त्र्यंबकराव : उत्तम! मीही ऐकतो, भाषणाला मुद्दे मिळतील.

केरबा : नगं.

त्र्यंबकराव : अहो, फुकट कुणी वाचून दाखवतंय तर...

केरबा : नगं म्हनलं न्हवं! वाचून दावनाऱ्यानंच घात झालाय माजा. माजी लेक, बाळाबाई. बिद्रीला दिलती. तिचं पत्र आलं. मला अक्षर येत न्हवतं, शेजारच्या गुंडूनं वाचलं. म्हनला, खुशाल हाय, आटवन काढती. मी निवांत गुऱ्हाळावर गेलो. सा दिसांनी मानूस आला. सरनाची लाकडं फोडाय चला म्हनाला.

अंबादास : केरबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

केरबा : काय बोलायचं? पत्रात लिवलं हुतं, बाबा, मला उठवत न्हाय, येऊन न्या. गुंडूनं तेवढं गाळलं, मागनं त्येनंच कबूल केलं. त्येला वाटलं, हंगाम चालू हाय, म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला, चार दिसांनी सांगू. मानूस वाईट न्हवता. तिरडीला खांदा दिला त्येनं, माझ्यापरीस जास्त रडला. दया केली हुती माझ्यावर. त्याच साली ग्रामशिक्षण मोहिमेचा वर्ग गावात निघाला. साठीला टेकलो हुतो, पाटी घिऊन बसलो.

त्र्यंबकराव : ...बसा, केरबा. पाणी घेता का?

केरबा : मास्तर, एक सांगा. तुमी हे पुस्तक वाचलंय न्हवं? सपवून?

अंबादास : वाचलंय.

केरबा : मग बसतो मी. पर हाय तसं वाचशीला? एक बी वळ न गाळता?

अंबादास : हो.

केरबा : माज्या तोंडाकडं बगून बोला.

अंबादास : वाचेन की... म्हणजे, केरबा, काही ठिकाणी लेखकानं उगाच लांबण लावलीय, तेवढं...

केरबा : बगा. तुमी बी चांगलं मानूस हाय.

अंबादास : माफ करा मला. मला जमणार नाही. तुमच्यासमोर ती पानं माझ्या तोंडून निघणार नाहीत.

केरबा : कळलं मला काय हाय ते. तरी वाचायचं हाय, मास्तर. एकदा तरी माझ्या लेकीचं मला कुनी न गाळता कळू दे. ते कुसाच्या नावानं कळलं तरी चालंल.

त्र्यंबकराव : केरबा, मला वाईट वाटतंय. मनापासून. पण मी एकटा ठराव फिरवू शकत नाही. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे. उघडायचं ते फक्त वर्धापनदिनाला, पुसायला. तेही ठरावातच आहे, मीच लिहिलाय.

केरबा : कपाटात पुस्तक मिटलेलं ठिवनार का उघडं?

त्र्यंबकराव : उघडं. पाहुण्यांना दिसायला हवं ना. पहिलं पान काढून ठेवू.

केरबा : पयलं नगं. दोनशे चौदावं काडा. शेजारचं दोनशे पंधरावं बी दिसंल.

त्र्यंबकराव : ते... ते करता येईल. त्याला ठराव लागत नाही. एवढं मी नक्की करतो.

केरबा : आन् फुडल्या वर्धापनदिनाला उघडलं की पान उलटा.

अंबादास : मी उलटेन. पण केरबा, वर्षाला दोनच पानं होतात. शेवटाला पोचायला बारा वर्षं लागतील. तुम्ही आज सहासष्टचे.

केरबा : हिशेब केला म्या. काच तेवढी रोज पुसत जावा, मास्तर. माजं दिसायचं दिसंदिस कमी हुतंय.